अमळनेरच्या घराचं भाडं, पुण्याहूनच्या फेऱ्या आणि आयकराचं रिटर्न

नोकरी पुण्या-मुंबईत आणि आईवडिलांचं घर खान्देशात भाड्याने दिलेलं, अशी परिस्थिती माझ्या ओळखीत निदान निम्म्या घरांत आहे. भाडं खात्यावर येतं, पण घर काही पुण्यात बसून सांभाळता येत नाही. भाडेकरू बदलला, नळ गळला, घरपट्टी भरायची आली की उठा आणि बस पकडा. दरवर्षी जून-जुलै आला की यातला एक तरी जण विचारतो, "हा जाण्यायेण्याचा खर्च भाड्यातून वजा होतो का गं?" २०२५ मध्ये मला हाच प्रश्न पडला होता आणि त्याच्या मागे लागून मी २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं रिटर्न पूर्ण केलं. उत्तर आधीच सांगते: वेगळा वजा होत नाही. पण तेवढ्यावर थांबलात तर जे वजा होतं तेही हातचं जातं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

आमचं घर अमळनेरला, बाजारपेठेच्या अंगाला. खाली रस्त्यावर दोन गाळे, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. २०२३ च्या दिवाळीनंतर वडील गेले. आई आधीच गेलेली. मी पुण्यात, धाकटा भाऊ नाशिकला. विकायचं दोघांच्याही मनात नव्हतं. वारस नोंद करून घेतली, घर दोघांच्या नावे निम्मं-निम्मं झालं. छत गळत होतं, पुढचा स्लॅब फुगला होता, गाळ्यांची शटर्स गंजली होती. बँकेचं कर्ज दोघांच्या नावाने काढलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये काम सुरू केलं. त्याच महिन्यात अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन होतं. गावात पाहुण्यांची गर्दी आणि आमच्या घरासमोर वाळूचा ढीग.

एका गाळ्यात औषधांचं दुकान, महिना ९,००० रुपये. दुसऱ्यात कपड्यांचं, ७,०००. वरच्या घरात जे शिक्षक राहत होते ते मार्चअखेर बदलून गेले. नवे भाडेकरू जुलैत आले, ५,००० रुपयांवर. एप्रिल ते जून वरचा मजला रिकामाच होता. हे रिकामे महिने पुढे कामाला येणार आहेत, लक्षात ठेवा.

पुण्याहून अमळनेरला मी बहुतेक वेळा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने धुळ्यापर्यंत जाते आणि पहाटे तिथून एसटी धरते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे तो टप्पा स्वस्त पडतो. खरा खर्च ट्रॅव्हल्सचा. सुट्ट्यांत आणि लग्नसराईत भाडं दुपटीच्या घरात जातं. रिझर्व्हेशन मिळालं तर परत येताना जळगावहून रेल्वे. त्यावर रिक्षा, चहा-नाश्ता, कामगारांना वरचेवर द्यायचे पैसे. मुक्काम काकूकडे, म्हणून लॉजचा खर्च नाही. भावाचं नाशिकहून अंतर कमी, पण तो गाडी घेऊन जातो म्हणजे डिझेल आणि टोल आलाच. दोघांचा मिळून वर्षाचा प्रवासखर्च २२,००० रुपयांच्या आसपास गेला. भाड्याच्या मानाने ही रक्कम लहान नाही. जाणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते: अमळनेरला मंगळवारी कामासाठी जाऊ नका. मंगळग्रह मंदिरामुळे त्या दिवशी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि रिक्षाही मिळत नाही.

तिकिटं मी पहिल्यापासून एका फाइलमध्ये लावून ठेवत होते. याला कारण माझा न्यू जर्सीतला मावसभाऊ. त्याचं तिथे एक घर भाड्याने दिलेलं आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात तो आला होता. आमची धावपळ बघून म्हणाला, "ताई, प्रत्येक फेरी लिहून ठेव, टॅक्समध्ये धरता येते." तिथे येतेही. भाडं गोळा करायला किंवा घराची देखभाल करायला जाण्याचा खर्च घरमालक 'शेड्यूल ई' नावाच्या तक्त्यात भाड्यातून वजा करतो. स्वतःची गाडी असेल तर दर मैलाला ठरलेला दर मिळतो, २०२४ साठी तो ६७ सेंट होता आणि २०२५ साठी ७० सेंट. त्यासाठी वही लागते: तारीख, कुठून कुठे, किती मैल, कशासाठी. त्याने मोबाइलमधली त्याची नोंद दाखवली, एकेका ओळीत 'नळदुरुस्ती', 'भाडेकरूची भेट' असं लिहिलेलं. फिरायला गेलो आणि जाता जाता घर पाहिलं, ते चालत नाही, जाण्याचा मुख्य हेतू घराचं काम हवा. आणि नवं छत टाकण्यासारख्या मोठ्या सुधारणेसाठी केलेली फेरी त्या वर्षी वजा होत नाही, ती सुधारणेच्या खर्चात मिळवून वर्षानुवर्षं घसाऱ्यातून वसूल करावी लागते. इतकी शिस्त असलेला नियम बघून मला वाटलं, आपल्याकडेही याच्या जवळपास काहीतरी असणार.

म्हणून वर्षभर मीही लिहीत गेले. जुलैत नव्या भाडेकरूंना किल्ल्या द्यायला गेले. दिवाळीच्या आधी औषधवाल्या दादांचा फोन आला म्हणून पुन्हा गेले. दुकानात पाय टाकला की ते नेहमी अहिराणीत विचारतात, "ताई, कव्हय उनात?" आणि माझा अर्धा शीण तिथेच जातो. त्यांना जीएसटीची चिंता लागली होती. १० ऑक्टोबर २०२४ पासून घरमालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि दुकानदाराची असेल, तर गाळ्याच्या भाड्यावरचा १८ टक्के कर दुकानदाराने स्वतः भरायचा असा नियम आला. ते कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) होते, त्यांना तो भरलेला कर आपल्या जीएसटीतून वजाही करता येत नव्हता. भाडं कमी करा म्हणत होते. कागद पाहून ठरवू, एवढं बोलून मी परत आले. पुढे १६ जानेवारी २०२५ पासून कंपोझिशनवाल्यांना यातून वगळलं आणि तो विषय मिटला. तुमचे गाळे असतील तर भाडेकरूची जीएसटी नोंदणी कोणत्या प्रकारची आहे हे एकदा विचारून ठेवा.

याच दुकानाचा करार डिसेंबरात संपत होता. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. आम्ही तो ऑनलाइन केला. माझा अंगठा पुण्यात घरी येऊन एजंटने घेतला, भावाचा नाशिकला, भाडेकरूचा अमळनेरला. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, अनामत रकमेवर धरलेलं व्याज त्यात मिळवून, नोंदणी फी नगरपालिका हद्दीत १,००० रुपये, आणि वर एजंटचे पैसे. एक फेरी वाचली.

मार्चमध्ये मात्र जावंच लागलं. वडिलांच्या आजारपणात मागच्या वर्षीची घरपट्टी राहून गेली होती. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. मी नगरपरिषदेत जाऊन मागची आणि चालू अशी दोन्ही वर्षांची घरपट्टी ३१ मार्चच्या आत भरली. पावतीवर रकाने असतात: मालमत्ता कर, शिक्षण कर, वृक्ष कर, गाळ्यांना रोजगार हमी कर, आणि खाली शास्ती वेगळी. शास्ती सोडून कराची रक्कम १७,००० झाली, त्यात गाळ्यांची १२,००० आणि वरच्या घराची ५,०००. पावती अजून वडिलांच्या नावाने निघत होती, म्हणून तिच्यासोबत वारस नोंदीची प्रत लावून ठेवली.

मे महिन्यात, ऊन ४४ अंशांवर असताना, धुळ्याला उतरून थेट सीए साहेबांकडे गेले. वडिलांच्या ओळखीचे आहेत, खान्देशातल्या अशा बाहेरगावी राहणाऱ्या मालकांची बरीच रिटर्न्स तेच भरतात. टेबलावर मी फाइल ठेवली. एसटीची तिकिटं त्या उष्णतेने फिकी पडत चालली होती, काहींवर नुसता कोरा कागद उरला होता. त्यांनी दोन पानं उलटली आणि फाइल बाजूला सरकवली.

"ताई, हे घरखर्चाच्या हिशेबाला ठेवा. रिटर्नला याचा उपयोग नाही."

मग त्यांनी कोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. आपल्याकडे इमारतीचं भाडं 'घरापासूनचं उत्पन्न' या शीर्षात येतं, आयकर कायदा १९६१ च्या कलम २२ ते २७ मध्ये. वर्षाच्या भाड्यातून आधी मालकाने स्वतः भरलेला नगरपालिकेचा कर वजा करायचा. उरलेल्या रकमेतून कलम २४ प्रमाणे दोनच गोष्टी वजा होतात: सरळ ३० टक्के, आणि घर घेण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज. तिसरी ओळच नाही. प्रवास, दुरुस्ती, रंग, दलाली, कराराची नोंदणी, राखणदार, विमा, फ्लॅट असेल तर सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं त्या ३० टक्क्यांत आलं असं कायदा धरून चालतो.

"३० टक्के हा सरकारने ठोक धरलेला खर्च आहे. तुम्ही एक रुपया खर्च करा नाहीतर लाख, आकडा तोच. बिलं कोणी मागत नाही आणि जास्तीचं कोणी देत नाही."

मी विचारलं, पण भाडं वसूल करायला जाण्याचा खर्च तरी? त्यावर त्यांनी जे सांगितलं त्याने माझा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला. पूर्वीच्या कलमात 'दुरुस्ती आणि भाडेवसुली' असे शब्दच होते आणि त्या दोन्हींसाठी मिळून वार्षिक मूल्याचा (घरपट्टी जाता उरलेल्या भाड्याचा) एक चतुर्थांश भाग वजा व्हायचा. शिवाय विम्याचा हप्ता वगैरे बाबी वेगळ्या होत्या. २००१ च्या वित्त कायद्याने ते सगळं गुंडाळून आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं, कर ठरवण्याचं वर्ष) २००२-०३ पासून एकच ३० टक्के केले. म्हणजे भाड्यासाठी मारलेल्या फेऱ्यांचा खर्च कायद्याने नाकारलेला नाही, तो त्या ठोक आकड्यात बसवून टाकलेला आहे. त्यामुळे तो पुन्हा वेगळा मागता येत नाही.

भावाला फोन लावला. तो म्हणाला, "मग धंदा म्हणून दाखवू, धंद्यात प्रवासखर्च चालतो ना?" सीए साहेबांनी फोन स्पीकरवर घेतला. राहत्या घराचं भाडं धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवायचा रस्ता २०२४ च्या वित्त कायद्याने बंद केला आहे, आकारणी वर्ष २०२५-२६ पासूनच. गाळ्यांबाबत चेन्नई प्रॉपर्टीज प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल लोक पुढे करतात, पण ती कंपनी होती आणि मालमत्ता भाड्याने देणं हाच तिचा मुख्य उद्योग होता. वडिलोपार्जित दोन गाळे भाड्याने देणाऱ्या बहीण-भावाला ते लागू नाही. आणि धंद्यात गेलात तर ३० टक्के जातील, तेवढा खर्च बिलांनी सिद्ध करावा लागेल. भाऊ गप्प झाला.

खरं सांगते, तिथून निघताना मी नाराज होते. रात्रीचा प्रवास, रजा, पहाटे धुळ्याच्या स्टँडवर एकटीने बसची वाट बघणं, आणि याची कुठे नोंदच नाही. पण अमळनेरच्या बसमध्ये बसून हिशेब केला तेव्हा नाराजी बरीच उतरली. २२,००० मधला माझा निम्मा वाटा ११,०००. माझा पगार नव्या करप्रणालीत १५ टक्क्यांच्या टप्प्यात संपतो, सेस धरून १५.६ टक्के. प्रवासखर्च पूर्ण वजा झाला असता तरी माझा कर १,७१६ रुपयांनी कमी झाला असता. उलट माझ्या वाट्याचे ३० टक्के ३३,००० होतात, त्यावर ५,१४८ रुपये कर वाचतो, तोही एक कागद न दाखवता. छताच्या कामाच्या वर्षी हा ठोक आकडा अपुरा पडला, हेही खरं आहे. पण ते काम दर वर्षी निघत नाही.

सीए साहेबांनी जाताना ज्या कागदांची यादी दिली त्यात तिकिटं नव्हती. घरपट्टीची पावती, कर्जाच्या व्याजाचं बँकेचं प्रमाणपत्र, ठेकेदाराची बिलं, भाडेकरार, बँकेचं स्टेटमेंट आणि वरच्या मजल्याचं वीजबिल, एवढंच. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि इथेच लोकांचे पैसे सुटतात.

घरपट्टी ज्या वर्षी प्रत्यक्ष भरली त्याच वर्षी वजा होते, मग ती कोणत्याही वर्षाची असो. म्हणून आमची थकबाकीही २०२४-२५ मध्येच धरली गेली. १ एप्रिलला भरली असती तर एक वर्ष पुढे गेली असती. शास्ती कर नव्हे, म्हणून ती धरली नाही. आणि भाडेकरूने परस्पर भरलेली घरपट्टी मालकाला वजा करता येत नाही. आमच्याकडे पाणीपट्टी भाडेकरू भरतात, ती अर्थातच सोडली.

व्याजाचं म्हणाल तर दुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजाला ३०,००० ची मर्यादा असते असं बऱ्याच जणांना वाटतं. ती स्वतः राहत असलेल्या घराला आहे. भाड्याने दिलेल्या घराला वजावटीवर तशी मर्यादा नाही. आमचं वर्षाचं व्याज ३४,००० होतं, पूर्ण धरलं गेलं. मात्र कर्जाचा पैसा घरावरच लागला हे दाखवता यायला हवं, म्हणून ठेकेदाराची बिलं. त्या बिलांवरूनच व्याजाची वाटणी केली, गाळ्यांकडे २०,००० आणि वरच्या घराकडे १४,०००. व्याज भाड्यापेक्षा जास्त होऊन तोटा येत असेल तर एक काळजी घ्या: नव्या करप्रणालीत तो तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीत होतो, पण वर्षाला २ लाखांपर्यंतच.

रिकाम्या महिन्यांचं भाडं उत्पन्नात धरावं लागत नाही. कलम २३ मध्ये त्याची सोय आहे, पण घर रिकामं होतं म्हणूनच भाडं कमी आलं हे सांगता आलं पाहिजे. मी जुन्या भाडेकरूंचा घर सोडल्याचा संदेश, नव्यांचा करार आणि एप्रिल-जूनची वीजबिलं ठेवली. तिन्ही बिलांवर वापर जवळपास शून्य होता. यापेक्षा सोपा पुरावा नाही. अनामत रक्कम परत द्यायची असते, ती उत्पन्नात येत नाही.

मोठी कंपनी किंवा बँक भाडेकरू असेल तर टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापलेला कर, पाहून घ्या. २०२४-२५ साठी मर्यादा वर्षाला २,४०,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून ती महिन्याला ५०,००० झाली आहे. सहमालकांचे हिस्से ठरलेले असतील तर ही मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र लागू होते. आमचे दोन्ही दुकानदार या कक्षेत येत नाहीत, तरी मी २६एएस आणि एआयएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेला कर आणि आलेलं उत्पन्न दाखवणारे आयकर खात्याचे तक्ते, उतरवून पाहिले. त्यात भाड्याचा उल्लेख नव्हता. उल्लेख नाही म्हणून दाखवायचं नाही, असं मात्र करू नका. भाडं बँकेतून येतं, करार नोंदणीकृत आहे.

रिटर्न मी स्वतः भरायचं ठरवलं, सीए साहेबांनी फक्त तपासायचं. तपासणीचे आणि सल्ल्याचे त्यांनी दोघांचे मिळून २,५०० घेतले. गाळे आणि वरचं घर अशा दोन मालमत्ता वेगळ्या दाखवायच्या असल्याने आयटीआर-१ हा फॉर्म चालणार नव्हता, आयटीआर-२ हवा होता. २०२५ मध्ये तो उशिरा आला. २७ मे रोजी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केल्याचं जाहीर झालं आणि आयटीआर-२ ऑनलाइन भरण्याची सोय १८ जुलैच्या सुमाराला सुरू झाली. जूनभर मी पोर्टल उघडून बंद करत होते. शेवटी मुदत आणखी एक दिवस वाढून १६ सप्टेंबर झाली, पण मी तितकी वाट पाहिली नाही.

९ ऑगस्टला, शनिवारी, राखी होती. भाऊ पुण्याला आला. ओवाळून झालं, जेवणं झाली आणि आम्ही दोन लॅपटॉप घेऊन बसलो. घरापासूनच्या उत्पन्नाचं पान सावकाश भरा, कारण त्यात एक गोष्ट पटकन कळत नाही. सहमालक असाल तर भाडं आणि घरपट्टी पूर्ण रकमेने टाकायची आणि आपला हिस्सा ५० टक्के लिहायचा. निम्मं फॉर्म स्वतः करतो. सहमालकाचं नाव आणि पॅन द्यावं लागतं. ३० टक्क्यांचा रकाना आपोआप भरतो, त्यात हात घालता येत नाही. पण व्याज मात्र फक्त आपल्या वाट्याचं टाकायचं. या फॉर्ममध्ये व्याजासाठी बँकेचं नाव, कर्ज खात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख, कर्जाची एकूण रक्कम आणि वर्षअखेरची बाकी हेही मागतात. बँकेच्या प्रमाणपत्रावर यातलं सगळं असेलच असं नाही, म्हणून मंजुरीचं पत्र हाताशी ठेवा. आम्हाला ते शोधायला अर्धा तास गेला.

माझं पान असं झालं. गाळ्यांचं भाडं १,९२,०००, घरपट्टी १२,००० वजा जाता १,८०,०००. माझा हिस्सा ९०,०००, त्यातून २७,००० आणि व्याज १०,००० गेलं, राहिले ५३,०००. वरच्या घराचं नऊ महिन्यांचं भाडं ४५,०००, घरपट्टी ५,००० जाता ४०,०००. माझा हिस्सा २०,०००, त्यातून ६,००० आणि व्याज ७,००० गेलं, राहिले ७,०००. एकूण ६०,००० रुपये पगारात मिळवले गेले आणि ९,३६० रुपये कर निघाला. १०,००० च्या आत असल्याने अग्रिम कराचा (वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायच्या कराचा) प्रश्न आला नाही. त्यावर जात असेल तर भाड्याचं उत्पन्न आधीच ऑफिसला कळवून पगारातून कापून घ्या, नाहीतर व्याज लागतं. कर पोर्टलवरच भरला, चलनाचा क्रमांक रिटर्नमध्ये आपोआप आला की नाही हे पाहिलं आणि मंगळवारपर्यंत सीए साहेबांच्या तपासणीसाठी थांबले. त्यांचा होकार आल्यावर रिटर्न पाठवलं आणि लगेच आधारच्या ओटीपीने पडताळणी केली. पडताळणीला ३० दिवस असतात, पण ती राहून गेली तर रिटर्न भरलं नाही असंच धरतात. सप्टेंबरात कलम १४३(१) ची, म्हणजे खात्याने रिटर्न तपासल्याची सूचना आली, त्यांचा आणि माझा आकडा जुळत होता. भावाची सूचना त्याच आठवड्यात आली.

त्या राखीच्या दिवशी रिटर्नपेक्षा महत्त्वाचं आणखी एक काम झालं. प्रवासाची फाइल मी भावासमोर ठेवली. बहुतेक फेऱ्या माझ्या होत्या आणि भाडं मात्र निम्मं-निम्मं वाटलं जात होतं. मी मागितलं नव्हतं, पण त्यालाच ते खटकलं. आम्ही ठरवलं की भाडं आधी एका संयुक्त खात्यात जमा होईल, जो अमळनेरला जाईल त्याचा प्रवासखर्च त्यातून पहिल्यांदा निघेल आणि उरलेलं वाटलं जाईल. कर अर्थातच पूर्ण भाड्यावर, आपापल्या निम्म्या हिश्शाप्रमाणे. एका कागदावर हे लिहून दोघांनी सह्या केल्या. अनेक घरांत ही धावपळ एकाच भावंडाच्या गळ्यात पडते आणि बोललं जात नाही म्हणून कटुता येते. कायद्याने तो खर्च वेगळा दिला नसला तरी भावंडांनी एकमेकांना द्यायला कोणाची आडकाठी नाही.

तिकिटं मी अजूनही ठेवते, या खात्याच्या हिशेबासाठी. एसटीच्या तिकिटाचा मात्र बसमध्येच मोबाइलवर फोटो काढून ठेवते, शाई टिकत नाही. नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा. कलमांचे क्रमांक बदलतात, पण भाड्यावरची ३० टक्क्यांची वजावट त्यातही आहे. वरच्या घराचा करार संपत आला आहे, तोही ऑनलाइनच करणार आहोत. मार्चमधल्या घरपट्टीला यंदा भाऊ जाणार आहे.